दाखवायची चूल

औंदा पाऊस जायचं नावच घेईना. गेला तेव्हा पऱ्हाटीची बोंडं काळी पडून बसली होती. मग ऊन पडलं, पण ते जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं. त्याला बसा म्हणावं का नाही, हेच कळेना. जी बोंडं फुटली त्यातून पांढरं निघालंच नाही. पिवळट निघालं, आणि त्यातही निम्मं कवडी झालेलं, बोंडाला चिकटून बसलेलं. ते बोटानं उकरून काढावं लागायचं. वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी. नखाच्या कडंला लागली की रक्त यायचं आणि बाया ते बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं वेचत राहायच्या.

आशाबाईच्या घरचं रान दोन एकर. त्यातलं गेलं ते गेलंच. मग ती आणि तिची सासू कडूबाई सर्जेरावाच्या वावरात वेचणीला जायला लागल्या. सिल्लोडच्या अलीकडं रस्त्याला लागून त्याचा मोठा तुकडा आहे, विहीर आहे, सगळं आहे. कडूबाई वयानं थकलेली, पण वेचायला लागली की ओळीत पुढंच. कंबरेची ओटी भरली की माघारी येऊन गाठोड्यात ओतायची आणि म्हणायची, "झालं बाई, एक बाळंतपण झालं."

दिवस कलला की बांधावर काटा लागायचा. सर्जेराव स्वतः उभा राहायचा. त्या दिवशी त्यानं आशाबाईच्या गाठोड्यात हात घातला, कापूस दाबला आणि हात झटकला.

"ओलं हाय. वजनात सूट धरावी लागंल."

"अण्णा, तुमच्याच वावरातलं हाय," आशाबाई म्हणली. "मी घरून भिजवून आणलं का?"

"तसं नाय. पण बाया आता दव असतानाच वेचायला लागतात आणि ऊन चढलं की पळतात. पळणारच. सरकारनं घरबसल्या द्यायला सुरुवात केली, मग उन्हात कोण मरतंय? पहिलं एक हाक मारली की बाया यायच्या. आता दारोदार फिरा, चहा पाजा, गाडी पाठवा. सरकारनं बायांना पैसे दिले अन् शेतकऱ्याला बुडवलं. माझं तोंडावर म्हणणं हाय, हे बंद केलं पाहिजे."

कडूबाई खाली बसून पायातला काटा काढत होती. मान वर न करता म्हणली, "मग आम्ही कोण हाव रे सर्जेराव? भुतं वेचू राहिले का तुपला कापूस?"

"मावशी, तुम्ही जुनी माणसं. तुमचं नाय म्हणत."

"पैसे तर मला बी येतात."

बाया हसल्या. आशाबाईला तिथंच गप बसता आलं असतं. पण तिची जीभ अशी, की तिला दार उघडं दिसलं की ती बाहेर. "विशाखाताईचे येतात का अण्णा?" तिनं विचारलं. विशाखाताई म्हणजे सर्जेरावाची बायको. चारचाकीवाल्या घराला हे पैसे नाहीत. दारात जीप उभी, पण जीप मेहुण्याच्या नावावर, हे साऱ्या गावाला ठाऊक.

बायांनी पदर तोंडाला लावले. सर्जेराव काट्याकडं पाहत राहिला. मग म्हणला, "त्यांचं वेगळं हाय."

"वेगळंच असणार," आशाबाई म्हणली.

"आज आशाबाईचं गाठोडं जास्तच ओलं दिसतंय," तो काटा धरणाऱ्या गड्याला म्हणला. "डबल सूट धर."

आशाबाईनं गाठोडं काट्याला लावलं. पांदीत आल्यावर कडूबाई म्हणली, "बोलली ते खरंच बोलली. पण खऱ्याला बी सूट लागती बाई."

घरी आल्या तर ओट्यावर अंगणवाडीची सरिताताई बसलेली. हातात फोन, तोंड पडलेलं. आशाबाईची धाकटी जाऊ मोनिका दाराला टेकून उभी होती, कडेवर पोरगी. आशाबाईचा सासरा सांडू खाटेवर खोकत होता. त्याला दमा. आधी पावसाळ्यापुरता असायचा, आता बारमाही बिऱ्हाड करून राहिलेला.

"तपासणी लागली," सरिताताई म्हणली. "एका राशनकार्डावर दोनच बाया चालतात. तुमच्या घरी तिघी घेतात. एक नाव बंद होणार. दोघी कोणत्या ठेवायच्या ते घरात बसून ठरवा."

"आम्ही ठरवायचं?" सांडू म्हणला. "तिघींतली कोणती नको झाली ते सरकारनं सांगावं. कापायला आमचाच हात कामून लागतो?"

"मामा, मी निरोप्या हाय. मला जे सांगितलं ते मी सांगितलं."

ती गेली. मग मोनिका म्हणली, "माझंच बंद होणार. दिसतंच हाय. आम्ही शेवटी आलेलो."

मोनिकाचा नवरा सत्यम बिडकीनकडं एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होता. ठेकेदारानं ब्रेक दिला होता. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. तो गावी आला नाही. मित्राच्या खोलीवर पडून रोज गेटवर जाऊन उभा राहायचा. मोनिकाच्या हातात स्वतःचं म्हणावं असं जे होतं ते हेच, महिन्याला फोनवर वाजणारं. त्यातनं पोरीचं दूध व्हायचं, औषधपाणी व्हायचं, आणि कुणाच्या तोंडाकडं पाहावं लागायचं नाही.

"बंद झालं तर मी बी बिडकीनला जाते," ती म्हणली. "खोली करू. मी पॅकिंगला जाईन."

"अन् पोरगी?" आशाबाईचा नवरा सुदर्शन म्हणला. तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. घरात कमी बोलायचा.

"पोरगी बी नेईन. इथं ठेवून करू काय?"

"कुणी कुठं जायचं नाय," कडूबाई म्हणली. "माझं बंद करा. मला म्हातारीला कशाला?" असं म्हणली खरी, पण तिचा हात नाकावरच्या चष्म्याकडं गेला. तो चष्मा तिनं स्वतःच्या पैशातनं घेतला होता, सिल्लोडला एकटीनं जाऊन. साऱ्या जन्मात तिनं कुणाला न विचारता घेतलेली ती पहिली वस्तू. दुसरी, सांडूच्या दम्याचा पंप.

आशाबाईनं तो हात पाहिला. सांडूची छाती वाजत होती, ती ऐकली. तिचंही मन होतं, तिचाही खर्च होता. पण स्वतःचं नाव बंद करा, हे काही तिच्या तोंडातनं निघालं नाही.

स्वयंपाकाच्या वेळी शेजारच्या निशानं वाटीभर कढी धाडली. मोनिकानं ती ओतून घेतली, वाटी विसळली आणि निघाली परत द्यायला. कडूबाईनं तिला उंबऱ्यात अडवलं.

"मोकळी वाटी नेती का?"

"मग काय घालू आत्या? घरात हाय काय?"

"मिठाचा खडा घाल, पण घाल. घरातल्या घरात मोकळं भांडं चालतं. शेजाऱ्याचं कधी मोकळं धाडू नाय." आणि तिनं उतरंडीतनं मूठभर तीळ काढून वाटीत टाकले.

निवडणूक जवळ आली होती. मारुतीच्या पारावर एका दिवसात दोन सभा झाल्या, सकाळी एका पक्षाची, दुपारून दुसऱ्याची. सतरंजी मात्र एकच, सर्जेरावाच्या घरची. सकाळच्यानं सांगितलं, आमचं राज्य आलं तर बायांचे पैसे वाढवू. दुपारच्यानं सांगितलं, हे एका हातानं देतात आणि तेलाच्या डब्यात दुसऱ्या हातानं काढून घेतात. बंद आम्ही बी करणार नाही, पण आधी शेतमालाला भाव देऊ. सकाळच्याला टाळ्या पडल्या, दुपारच्यालाही पडल्या. बायांना दोन्ही वेळा पुढं बसवलं.

सभेच्या मधल्या वेळात चहाच्या टपरीवर गडी भांडत होते. एक म्हणायचा, कष्ट करणाऱ्याला द्यायलाच पाहिजे, मोठ्यांना सगळं माफ होतं तेव्हा कोणी बोलत नाही. दुसरा म्हणायचा, असं वाटून देश चालत नाही, मजूर संपला. सर्जेराव दोन्हीकडं मान हलवायचा.

दुपारच्या सभेत सांडू उठला. काठीवर भार देऊन उभा राहिला. खोकला आवरायला त्याला वेळ लागला, तोवर सगळे थांबले.

"साहेब," तो म्हणला, "एका कार्डावर दोनच बाया म्हणतात. मला दोन लेकरं, दोन सुना, एक म्हातारी. सगळे एका चुलीवर खातो. तिघी बी कष्ट करतात. मग एकीनं काय पाप केलं? वेगळं निघालेल्या घराला सगळं मिळतं, अन् एकत्र राहणाऱ्याला दंड? हे कोणत्या हिशोबात बसतं?"

सवाल चांगला होता. माइकवाल्यालाही तो चांगला वाटला असावा, कारण त्यानं उत्तर दिलंच नाही. हसून म्हणला, "बाबा, सोपं हाय. म्हातारीला वेगळं काढा. अन् तुम्हाला करमत नसंल तर तुम्ही बी जा तिच्यासंगं. नव्यानं संसार थाटा."

सगळा पार हसला. पुढं बसलेल्या बायाही हसल्या. सांडू उभाच राहिला, खाली बसायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही. मग कडूबाईनं मागून त्याचं धोतर ओढलं.

आशाबाईही हसली होती. पण घरी जाईस्तोवर ते बोलणं तिच्या डोक्यात राहिलं, आणि दारात पाय ठेवताना ते हसण्यावारी राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं सरिताताईला गाठलं.

"कार्ड वेगळं होतं," सरिताताई म्हणली. "पण नुसत्या कागदावर नाय. बघायला माणूस येतो म्हणतात, फोटो काढतो. राहायला वेगळी जागा पाहिजे, वेगळी चूल पाहिजे."

"चूल दाखवली की झालं?"

"झालं म्हणायचं."

घरामागं गोठा होता. बैल विकल्यापासून मोकळाच, एका कोपऱ्यात पऱ्हाट्यांची रास तेवढी. आशाबाईनं घरात बोलणं काढलं. मोनिका आणि सत्यमला वेगळं दाखवावं तर सत्यम इथं नाही, आणि तान्ही पोर घेऊन मोनिका गोठ्यात कशी राहील. मग आत्या आणि मामांचं वेगळं कार्ड दाखवू. चार दिवसांचा खेळ. माणूस येऊन फोटो काढून गेला की परत घरात. तिघींचं बी चालू राहील.

सुदर्शन म्हणला, "लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगू की दाखवायची चूल हाय," आशाबाई म्हणली.

सांडू पारावरच्या हसण्यातून अजून बाहेर आला नव्हता. तो भिंतीकडं तोंड करून पडला. कडूबाई मात्र म्हणली, "बरं हाय. एकीचं बी बंद व्हायला नको. मी घालते चूल."

आता कडूबाईच्या हातची चूल म्हणजे गावात नाव होतं. नवी सून आली, नवं घर बांधलं, की कडूबाईला बोलावणं यायचं. तिनं ओढ्याकाठची चिकणमाती आणली, त्यात भुसा घातला, शेण घातलं, पायानं तुडवली आणि रात्रभर मुरत ठेवली. आशाबाईनं पाहिलं तर म्हणली, "आत्या, एवढं कशाला? तीन दगड मांडा अन् वरून लिंपा. नुसती दाखवायची तर हाय."

"मला खोटी चूल घालता येत नाय बाई," कडूबाई म्हणली. "हातच तसा वळत नाय."

आणि तिनं चूल घातली. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या, मागं वैल काढला, तोंडाला गोलाई दिली. वाळल्यावर पांढऱ्या मातीनं पोतेरं केलं, हळदकुंकू लावलं. मग दूध मागितलं. दूध कशाला म्हणून मोनिकानं विचारलं तर म्हणली, "नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ द्यावं लागतं. नुसती थंड चूल घरात ठेवू नाय. वाईट असतं."

पोरीच्या दुधातनं वाटीभर दूध निघालं. ते वर आलं, उतू गेलं, चुलीच्या तोंडावरून ओघळलं आणि करपलं. गोठाभर वास सुटला. आशाबाईला तो वास आवडला, आणि आवडला म्हणून तिला कसंतरीच झालं.

वेगळ्या कार्डाचा अर्ज दिला आणि म्हातारा-म्हातारीची गोधडी गोठ्यात गेली. पहिले दोन दिवस कडूबाई जेवायला घरात यायची. मग म्हणली, माणूस कधी टपकंल सांगता येतं का, चूल थंडी दिसली तर धरतील. तेव्हापासून ती दोन भाकरी तिथंच थापायला लागली. आशाबाई भाजी न्यायची. पितळीत किंवा वाटीत घालून न्यायची, आणि कडूबाई वाटी विसळून परत द्यायची. मोकळी.

माणूस काही आला नाही. मार्गशीर्षाची थंडी आली. गोठ्याच्या कुडातनं वारं यायचं. सांडूची छाती घरातही ऐकू यायची. सुदर्शननं खताच्या पोत्यांचं पाल करून कुडाला बांधलं. वाऱ्यानं ते फडफडायचं.

माणूस आला नाही, पण सर्जेराव आला. देवळात सप्ता बसणार होता आणि वर्गणी चुलीमागं पायलीभर गहू. वर्षानुवर्षं तसंच, मोठं घर नाही आणि लहान घर नाही, चूल मोजायची. त्याच्यासंगं दोघं जण पोतं धरून होते. आशाबाईनं पायलीभर गहू ओतले. सर्जेरावानं पोत्याचं तोंड आवळलं नाही.

"अजून एक."

"कसली?"

तो गोठ्याकडं पाहत होता. कुडातनं धूर निघत होता. "दोन चुली दिसतात मला."

"अण्णा, ती दाखवायची हाय," आशाबाई म्हणली. "तुम्हाला काय माहीत नाय का? सारं गाव जाणतंय."

"मी तेच विचारू राहिलो. दाखवायची हाय का खरी हाय?" सर्जेराव एकदम मऊ आवाजात बोलत होता. "खरी असंल तर वर्गणी द्या. खोटी असंल तर मग ती सरकारला फसवायला घातली म्हणावी लागंल. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? मी देवाच्या कामाला निघालेला माणूस. मला खोटं बोलता येत नाय. तुम्हीच सांगा, आशाबाई. तुमची जीभ तर चांगली चालती."

आशाबाईच्या तोंडात शब्द आला नाही. पोतं धरणारे खाली पाहत होते. अंगणातल्या खाटेवरून सांडू उठायला लागला तर त्याला उबळ आली आणि तो तसाच वाकून राहिला.

गोठ्यातनं कडूबाई बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कशाला बोलतो रे बायामाणसाला," ती म्हणली. "दोन चुली हायत. लिव्हून घे."

आणि आत जाऊन राशनचे गहू होते ते पायलीत भरून घेऊन आली. पायली पुरती भरली नाही. तिनं तळाशी हात घालून, गोठ्यातल्या डब्यातनं झाडून आणखी आणले, आणि पायली शीग लावून पोत्यात ओतली. सर्जेरावानं मान हलवली. आता त्यालाही थोडं जास्त झाल्यासारखं वाटलं असावं, पण तो थांबला नाही.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी भोंग्यावर वर्गणीदारांची नावं वाचली. सुदर्शन सांडू यांच्याकडून एक पायली. त्यामागोमाग, कडूबाई सांडू यांच्याकडून एक पायली. आशाबाई त्या वेळी रानात होती. तिला भोंगा ऐकू आला. बाजूच्या ओळीतली बाई म्हणली, "निघाली म्हणायची तुमची म्हातारी." आशाबाईनं बोंड ओढलं तर सगळं झाडच उपटून आलं.

त्यानंतर गावानं चूल मोजलीच. निशाच्या दिराच्या लग्नाचं आवतन आलं तर घराला वेगळं, गोठ्याला वेगळं. दोन्हीकडं अक्षता. कडूबाईनं ते आवतन पदरात घेतलं आणि म्हणली, "येईन बरं." तिचं तोंड कसं होतं, हे आशाबाईला पुढं कितीतरी दिवस सांगता आलं नाही. दुःखी म्हणावं तर नव्हतं. कुणी पहिल्यांदाच तिच्या नावानं बोलवायला आलं होतं.

आणि मग एक दिवस सरिताताई आली, फोन घेऊन. बघायला कोणी येणार नव्हतं. आता सगळं फोनवरच होणार होतं. फोनपुढं तोंड धरायचं, फोन म्हणंल तेव्हा डोळे मिचकवायचे.

"मग ती चूल?" आशाबाईनं विचारलं.

"चुलीचं मला बी कोणी तरी सांगितलं होतं," सरिताताई म्हणली. "मी काय मनानं सांगितलं का?"

तिघींनी तोंड धरलं. आशाबाईचं झालं, मोनिकाचं झालं. कडूबाईचं होईना. चष्मा काढला तर तिला फोन दिसेना, घातला तर फोनला डोळे दिसेनात. उजेडात नेलं, सावलीत नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. "डोळे उघडा आजी, अजून उघडा," सरिताताई म्हणत राहिली आणि कडूबाई डोळे फाडून उभी राहिली, पाणी गळेस्तोवर. शेवटी फोननं काहीतरी आवाज केला. झालं म्हणली सरिताताई.

पण झालं नव्हतं. पुढच्या खेपेला आशाबाईचे पैसे आले, मोनिकाचे आले. कडूबाईचे आले नाहीत. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाहीत. आशाबाई तिला घेऊन तालुक्याला गेली, खाडा करून. खिडकीतला म्हणला, वरून बंद दाखवतंय. का बंद, ते वरच्यालाच माहीत. वरचा कुठं बसतो, तर ते त्यालाही माहीत नव्हतं. निवडणूक होऊन गेली होती. माइकवाला पुन्हा काही दिसला नाही. एसटीच्या खिडकीशी बसून कडूबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. फाटा येईस्तोवर ती तेच करत होती.

घरी आल्यावर आशाबाईनं फावडं घेतलं. सरळ गोठ्यात गेली.

"सरका आत्या. मोडून टाकते ही. चला घरात. पैसे बी नाय, माणूस बी नाय, मग कशाला?"

कडूबाई चुलीपुढं बसली होती. सरकली नाही. पऱ्हाटी मोडून तिनं आत सारली.

"पेटती चूल मोडायची नसती," ती म्हणली.

"मग विझू द्या. मी थांबते."

"बस. थांबायचं असंल तर बस."

आशाबाई बसली. सांडू पालाजवळ अंग चोरून पडला होता. त्याचा पंप उशाला होता, रिकामा. आशाबाईनं तो उचलून हलवला आणि ठेवला. "पंपाचं मी पाहते," ती म्हणली. "माझ्या पैशातनं. तुमच्या दोघांचं जेवण काय जड हाय का घराला? आजवर एका चुलीवर खाल्लं ना?"

"तवा खाल्लं."

"मग आता काय झालं? म्या काढलं म्हणून राग हाय का? हाय तर तसं सांगा. माझ्याच डोक्यातनं निघालं ते. मला चार शिव्या द्या अन् चला."

"राग नाय गं," कडूबाई म्हणली. आणि राग खरंच नव्हता, हे आशाबाईला दिसत होतं. राग असता तर तिनं हात धरून ओढलं असतं. "माझे पैसे येत होते तवा मी आले असते, तर म्हातारी खेळ संपवून आली, असं झालं असतं. आता आले तर गाव काय म्हणंल? पैसे बंद झाले अन् म्हातारी सुनांच्या दारी खायला गेली. तो सर्जेराव दारात येऊन विचारंल, मावशी, एक चूल कमी झाली वाटतं? पायली शीग लावून दिली म्या. भोंग्यावर नाव वाचलं मपलं. ते आता कुठं पुरू?"

"गावाला म्हणू द्या."

"तुला बी तेव्हा बोलता नाय आलं त्याच्यापुढं."

ते लागलं. फावडं आशाबाईच्या मांडीवर आडवं होतं. चुलीत पऱ्हाटी तडतडली, कडूबाईनं भाकरी उलथली, तव्यावरून काढून जाळाला लावली. भाकरी फुगली. चूल अशी झाली होती, की धूर म्हणून नव्हता. निवळ जाळ. गावात एवढी चांगली चूल दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

"मामा, तुम्ही तरी सांगा," आशाबाई म्हणली.

सांडूनं डोळे उघडले नाहीत. "मी काय सांगू," तो म्हणला. "मी एकदा बोललो होतो पारावर."

फावडं घेऊन ती माघारी आली. घरात मोनिकानं वांग्याची भाजी केली होती. आशाबाईनं वाटी घेतली, काठोकाठ भरली, वरून तेलाचा तवंग येईल अशी, आणि मोनिकाला म्हणली, "जा, देऊन ये आत्याला." तिला स्वतःला पुन्हा जायला झालं नाही. ती ताटं मांडत राहिली. पाच मांडली. मग दोन उचलून ठेवली.

मोनिका लगेच आली नाही. पोरगी तिकडं आजीपाशी रमली असावी. आली तेव्हा पोरगी एका हातात आणि वाटी दुसऱ्या हातात होती. वाटी धुतलेली होती. तिनं ती आशाबाईपुढं ठेवली.

वाटीत मूठभर शेंगदाणे होते. भाजलेले, अजून गरम.

"नको म्हणलं मी," मोनिका म्हणली. "ऐकंनात."

आशाबाई वाटीकडं पाहत राहिली. तिनं त्यातला दाणा उचलला नाही आणि वाटी ओतूनही घेतली नाही. बाहेर गोठ्याच्या कुडावर पाल फडफडत होतं. तेवढ्यात सुदर्शन हात धुऊन आला, ताटावर बसला, वाटीतनं चार दाणे उचलून तोंडात टाकले.

"चांगले भाजलेत," तो म्हणला. "कुठनं आले?"

"शेजारून," आशाबाई म्हणली, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.